कॉस्मेटिक म्हणू नका याला

ज्या केसांमुळे माझं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, ते केस काढणं हा सौंदर्योपचार कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. विमा कंपनीच्या पत्रात तेच लिहिलंय. स्किन क्लिनिकमध्ये तेच ऐकवतात. आणि ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन व्हायचंय, तिथे डॉक्टरांच्या हाताखालची मुलगी फाइल मिटता मिटता म्हणते, "ते तुमचं तुम्ही बाहेरून करून या." बाहेरून म्हणजे कुठून? कुणाकडून? किती भागाचं? एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. तारीख मात्र रद्द.

मी ट्रान्स बाई आहे. माझं ऑपरेशन म्हणजे व्हजायनोप्लास्टी, योनीमार्ग घडवण्याची शस्त्रक्रिया. त्याच्या सगळ्यात रुळलेल्या पद्धतीत शिश्नाची आणि अंडकोशाची कातडी आत वळवून योनीमार्गाचं अस्तर करतात. त्या कातडीवर केस असतील तर केसही आत जातात, आणि आत गेले म्हणून वाढायचे थांबत नाहीत. ओलाव्यात त्यांचे गुंते होतात, स्राव अडकतो, वास येतो, जंतुसंसर्ग होतो. नंतर त्या जागी सुई नेऊन एकेक केस काढणं जवळजवळ अशक्यच. म्हणजे हे काम करायची वेळ एकच, ऑपरेशनच्या आधी. काही सर्जन सांगतात की टेबलावरच कातडीच्या आतल्या बाजूने मुळं खरवडून किंवा जाळून टाकू. पण त्यातून सुटलेली मुळं पुन्हा उगवतात, आणि त्यांचं पुढे काय करायचं ते कुणी बोलत नाही. आतड्याचा तुकडा वापरून मार्ग करतात तेव्हा आतल्या केसांचा प्रश्न कमी होतो, पण ते पोट उघडण्याचं वेगळं ऑपरेशन, त्याचे धोके वेगळे. केस काढायला माणूस मिळत नाही म्हणून मी आतडं कापून घ्यायचं का?

ट्रान्स पुरुषांचंही हेच. माझ्या एका मित्राला फॅलोप्लास्टी, म्हणजे शिश्न घडवण्याची शस्त्रक्रिया, करून घ्यायची आहे. त्यात बऱ्याचदा मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी घेऊन लघवीची नळी करतात. नळीत केस राहिले तर त्यांच्यावर क्षार बसतात, खडे होतात, लघवी अडते. तो हातावर इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेच्या सुईने एकेका केसाचं मूळ मारणं, करून घेतो आणि लालबुंद हात घेऊन कामावर जातो, तर सहकारी विचारतात, "काय रे, मॉडेलिंग करणार का?" लघवी तुंबू नये म्हणून सोसलेल्या वेदनेला लोक मॉडेलिंग म्हणतात. माझं रक्त खवळतं.

आता लेसर. जिथे जाल तिथे आधी लेसर. फोन उचलणारी मुलगी पॅकेज सांगते, सहा सिटिंग, आठ सिटिंग, "परमनंट होऊन जाईल मॅम." नाही होत परमनंट. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषतो, त्या उष्णतेने मूळ जळतं. पांढऱ्या केसात रंगच नसतो, म्हणून पांढरा केस तसाच राहतो. आपल्या सावळ्या कातडीतही रंग असतो, म्हणून चुकीचं मशीन नाहीतर चुकीचं सेटिंग असेल तर केसाऐवजी कातडी भाजते. काळ्यासावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग नावाचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित, हे मला वाचून वाचून कळलं. पैसे घेणाऱ्यांपैकी एकानेही सांगितलं नाही. हनुवटीवर आणि मानेवर तर काहींना लेसरनंतर आजूबाजूला उलट जास्त केस येतात. पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशाचा हार्मोनचा विकार, असलेल्या कितीतरी मुली हे भोगतायत, त्यांनाही कुणी आधी सांगत नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने लेसरला 'केसांची कायमची घट' एवढंच म्हणायची मुभा दिली आहे. केस कायमचे काढते म्हणायची परवानगी आहे ती इलेक्ट्रोलिसिसला. चेहऱ्यावर घट झाली तर थोडंफार चालून जाईल. शरीराच्या आत कायमच्या जाणाऱ्या कातडीवर घट घेऊन मी काय करू?

म्हणून इलेक्ट्रोलिसिस. प्रत्येक केसाच्या छिद्रात केसाइतकीच बारीक सुई सरकवायची, वीज सोडायची, मूळ मारायचं, चिमट्याने केस उचलायचा. नीट झालं असेल तर तो अलगद सुटतो. ओढ जाणवली तर समजायचं, मूळ जिवंत आहे आणि सोसलेलं वाया गेलं. मग पुढचा केस. मग त्याच्या पुढचा. गॅल्व्हनिक पद्धतीत विजेमुळे छिद्रातल्या क्षारापाण्याचं सोडियम हायड्रॉक्साइड होतं, म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि तो मूळ खातो. थर्मोलिसिसमध्ये उष्णतेने जाळतात. ब्लेंडमध्ये दोन्ही. तिन्ही दुखतात. तापलेल्या तेलाचा शिंतोडा उडावा तसा चटका, आणि तो शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी, तासन्‌तास, पाय फाकून, छताकडे बघत.

शिवाय एकदा करून भागत नाही. सगळे केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात. काही वाढत असतात, काही झडायच्या बेतात, काही कातडीखाली निजलेले. वाढत्या केसाचंच मूळ नीट मरतं. म्हणून तोच भाग पुन्हा पुन्हा करावा लागतो, वर्षभर, कधी त्याहून जास्त. शेवटी काही महिने थांबून बघायचं की नवीन उगवतंय का. वर्षाहून जास्त लागणारी ही गोष्ट मला ऑपरेशनच्या तपासण्या करायला गेल्यावर कळते! मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं मागितली, दिली. हार्मोन कधीपासून चालू, ते लिहून दिलं. एचआयव्ही, कावीळ, साखर, ईसीजी, सगळं झालं. त्या लांबलचक यादीत केसांबद्दल एक ओळ नव्हती. पहिल्या भेटीत मी स्वतःहून विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, "हार्मोनने कमी होतील." इस्ट्रोजेनने अंगावरची लव विरळ होते, पण दाढी जात नाही आणि खालचे जाड केसही जात नाहीत. हे हार्मोन देणाऱ्या डॉक्टरला माहीत नसेल तर कुणाला असणार?

बरं, ठरवलं की करायचं. करणार कोण? आपल्याकडे इलेक्ट्रोलिसिस येणाऱ्या बहुतेक जणी हनुवटीवरचे चार राठ केस काढणाऱ्या. हाताचं कसब असतं, पण खालचं नाव काढलं की फोनवर शांतता पसरते. काही ठिकाणी बायकांचा आवाज अपेक्षित असतो, माझा ऐकून "इथे फक्त लेडीज" म्हणून फोन ठेवतात. एका नावाजलेल्या स्किन क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट दिली, पैसे आधी भरून घेतले, आणि मी पोचल्यावर रिसेप्शनवरच्या बाईने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "सर, तुम्हाला नक्की कुठलं करायचंय?" सर. साडी नेसून उभ्या असलेल्या बाईला सर. पैसे परत द्यायलाही महिना लावला.

पुण्यात कुणी तयार होईना, म्हणून मी मुंबईला जाते. तिथे एक वयस्क काकू आहेत, हात हलका, डोळा तीक्ष्ण. सुई दर वेळी माझ्यासमोर पाकीट फोडून नवी काढतात. "अगं, श्वास धरू नकोस, सोड," असं म्हणत काम करतात. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. राग याचा आहे की त्यांना मला शेवटी बोलवावं लागतं, बाकीच्या गिऱ्हाइकांना मी दिसू नये म्हणून. संध्याकाळी उशिरा संपतं, मांड्या एकमेकींना लागू नयेत म्हणून पाय टाकत टाकत स्टेशन गाठायचं, आणि सुजलेल्या अंगाने पुण्याची गाडी पकडून सकाळी ऑफिस. आजारपणाची रजा मागितली तर कारण काय लिहू? एचआरलाही तेच वाटतं. पार्लर.

आणि चेहरा! चेहऱ्याचं इलेक्ट्रोलिसिस करायचं तर सुई कुठे जाते ते दिसावं म्हणून केस थोडे वाढलेले लागतात. म्हणजे दोन-तीन दिवस दाढी करायची नाही. ज्या खुंटांपायी मी वर्षानुवर्षं आरशात बघायचं टाळलं, तेच वाढवून लोकांत फिरायचं. पुण्यात निदान तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवणाऱ्या मुली सगळीकडे असतात, त्यांच्यात मिसळून जाता येतं. गाडीत लेडीज डब्यात मास्क जरा खाली सरकला की कुजबुज सुरू. एकदा एका बाईने थेट पोलिसाला बोलावलं. मी तिकीट दाखवू, ओळखपत्र दाखवू, की सुजलेली हनुवटी दाखवू?

आमच्यातल्या थोरल्या बायकांची वेगळीच कथा. गुरूच्या घरी वाढलेल्या, आयुष्यभर चिमट्याने एकेक केस उपटून चेहरा राखलेल्या. उपटून उपटून मुळं वाकडी झालेली असतात, तिथे सुई सरळ जात नाही, वेळ दुप्पट लागतो. शिवाय इलेक्ट्रोलिसिस चालू असताना उपटणं, थ्रेडिंग, वॅक्सिंग सगळं बंद करावं लागतं. ज्यांचं पोट रोज दुकानोदुकानी मंगती करण्यावर आहे, त्यांनी दाढी वाढवून बाहेर कसं पडायचं? एक अक्का मला म्हणाली, "तुझी नोकरी आहे बाई, तू कर. आमचं काय?" माझ्याकडे पगार आहे, इंग्रजीत मेल लिहिता येते, तरी माझी ही फरफट. तिला मी काय सांगू?

विम्याचं तर बोलायलाच नको, पण बोलणारच. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याचं कलम १५ काढून वाचा. लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, लेसर उपचार आणि इतर आरोग्यविषयक गरजा यांचा खर्च सर्वंकष विमा योजनेतून भागवायची तरतूद सरकारने करायची, असं त्यात लिहिलंय. लेसर हा शब्द आहे त्यात! म्हणजे केस काढणं हा उपचार आहे हे संसदेने मान्य केलं. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या तज्ज्ञांच्या संस्थेच्या उपचार-मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत ऑपरेशनपूर्व तयारी म्हणून जननेंद्रियावरचे केस काढणं वैद्यकीय गरजेच्या यादीत स्पष्ट घातलंय. मी दोन्हींची पानं जोडून क्लेम पाठवला. उत्तर काय, तर कॉस्मेटिक. आणि वर एक वाक्य, की लेसर कायद्यात आहे, इलेक्ट्रोलिसिस नाही. 'इतर आरोग्यविषयक गरजा' हे शब्द त्यांना दिसले नाहीत. त्याच कंपनीने ऑपरेशनला तत्त्वतः होकार दिलाय बरं का. केसांसकट ऑपरेशन करता येत नाही असं सर्जन म्हणणार, केस काढायला पैसे देणार नाही असं कंपनी म्हणणार. मी मध्ये उभी.

हे तंत्र काही पार्लरमध्ये जन्मलेलं नाही. १८७५ मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञाने आत वळून बुबुळाला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांवर ते वापरलं. डोळे वाचवायला. डॉक्टराने, रुग्णावर. तेव्हा ते वैद्यक होतं, मग माझ्या अंगावर आलं की ब्युटी कसं होतं? पापणीचा केस बुबुळाला टोचतो म्हणून काढला तर उपचार, आणि केस योनीमार्गात वाढून सडेल म्हणून काढला तर नखरा?

वैद्यकाच्या छताखाली आलं असतं तर निम्मं दुखणं तिथेच संपलं असतं. काकू डॉक्टर नाहीत, त्यांना भुलीचं इंजेक्शन देता येत नाही. म्हणून मी लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम लावून, वर प्लास्टिक गुंडाळून तासभर बसते, आणि त्यालाही मर्यादा आहे, मोठ्या भागावर जास्त थापलं तर रक्तातल्या ऑक्सिजनवर परिणाम होऊ शकतो. हॉस्पिटलात त्वचाविभाग आहे. भूलतज्ज्ञ आहेत. ज्या जागेवर चाकू चालवायला अख्खी टीम उभी राहणार, त्याच जागेवर सुई चालवायला एक इंजेक्शन द्यायला कुणी येत नाही. दात काढायला गेलं तरी आधी बधिर करतात हो!

सर्जनसाहेबांना, आणि असं ऑपरेशन करणाऱ्या सगळ्यांना, माझं सांगणं आहे. पहिल्याच भेटीत सांगा की केस काढावे लागतील आणि त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल. नेमका कुठला भाग, ते आकृती काढून द्या, कारण प्रत्येक सर्जनची कातडी घेण्याची पद्धत वेगळी, आणि काकूंनी अंदाजाने किती जाळायचं? मधेमधे तपासून सांगा की पुरेसं झालं का. ऑपरेशनच्या आधी शेवटचं सिटिंग किती दिवस अलीकडे थांबवायचं, तेही लिहून द्या. तुमच्या त्वचाविभागातल्या दोघी-तिघींना हे काम शिकवा. आणि चिठ्ठीवर लिहा, 'शस्त्रक्रियेचा आवश्यक भाग', सही-शिक्क्यासकट.

पुढच्या भेटीला मी कोरा कागद आणि पेन घेऊन जाणार आहे. आकृती माझ्यासमोर काढायची, सही माझ्यासमोर करायची. एक प्रत काकूंना, एक विमा कंपनीला, एक ऑफिसला. आणि "बाहेरून करून या" असं कुणी पुन्हा म्हणालं, तर तेही मी लेखी मागणार आहे, नाव आणि तारखेसह.