कर्ज माफ झालं, पण कोणाचं?

आज वणीकडं भाचीच्या साक्षगंधाला गेलो होतो. पंगतीत समोर पुण्याचे एक पाहुणे. पाटवडीचा रस्सा ओरपता ओरपता म्हणतात, "तुमच्या विदर्भाला कर्जमाफीची सवय लागली. असल्या फुकट्यांमुळे बँका बुडतात, आणि बँका बुडाल्या की देश." भाचीच्या सासरची माणसं होती, म्हणून गप्प जेवलो. आता मात्र राहवत नाही.

बँका आम्ही बुडवतो? लेकहो, मुंबईतला पहिला मोठा शेअर बाजार आपल्याच कापसावर फुगला होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि वऱ्हाडच्या-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत सट्ट्यात गेला. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांवर नेला म्हणतात. बँका शेअर गहाण ठेवून कर्ज देत होत्या, त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत होते. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस पडला, सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे गाळात गेली. त्यात एक तरी कास्तकार होता का हो? सगळे कोट-पगडीवाले शेठ.

बाबांची गोष्ट इथल्या जुन्या मित्रांना पाठ आहे, तरी परत सांगतो. २९ फेब्रुवारी २००८ ला तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी बजेटात ६० हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. मागाहून अट कळली: पाच एकरांपर्यंतच सगळं माफ. बाबांच्या सातबाऱ्यावर सात एकर, सगळं कोरडवाहू. तिकडं ओलिताच्या दोन एकरवाल्याचं पूर्ण सुटलं. बाबा बँकेतल्या साहेबाला म्हणाले, "सायेब, वावर सात एकर हाय, पण विहीर कुठी हाय?" साहेब म्हणाला, फॉर्मात विहिरीचा रकाना नाही.

थकीत होते ६० हजार. आमच्या जिल्ह्याला सवलत अशी की २० हजार सुटतील, पण ४० हजार भरले तर. बाबांनी भरले. कुठून? सावकाराकडून, शेकडा पाच रुपये महिन्यानं. बँकेनं नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, दिला, सरकारच्या यादीत बाबा लाभार्थी झाले. बँकेचं संकट मिटलं. आमच्या घरचं तिथून सुरू झालं.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली. ज्याची फेडायची ऐपत नाही त्याला घरकर्ज दिलं, त्या कर्जांच्या मोळ्या बांधून विकल्या, रेटिंग कंपन्यांनी त्यावर ट्रिपल-ए चा, म्हणजे एकदम सुरक्षित असा, शिक्का मारला. घरांचे भाव पडले तसा जो तो दाराकडं पळाला. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर! एका दिवसात! पुढच्या महिन्यात बँकांसाठी ७०० अब्जांचा कायदा. तुमच्याकडं किती एकर, असं त्यांना कोणी विचारलं? आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे बँकांना ती कर्ज देते तो व्याजदर, ९ वरून पुढच्या एप्रिलपर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. सावकाराचा शेकडा पाच होता तिथंच राहिला.

हो, बँका वाचवाव्या लागतात. १९३० नंतर अमेरिकेत हजारो बँका बुडू दिल्या तेव्हा जगभर मंदी पसरली आणि आपला कापूसही मातीमोल झाला. मान्य. आणि माफीची कुणकुण लागली की फेडणारेही थांबतात, तेही मान्य, आमच्याच गावात पाहिलंय. पुढं?

२०१० ला ग्रीस बुडायला आला तेव्हा ११० अब्ज युरोचं पॅकेज निघालं. बातम्यांत 'ग्रीसला मदत'. त्यातला मोठा वाटा आधी कर्ज दिलेल्यांचं, म्हणजे जर्मन-फ्रेंच बँकांचं वगैरे, भागवण्यात गेला आणि नवं कर्ज ग्रीसच्या बोकांडी राहिलं. तिथले पेन्शनवाले म्हातारे टीव्हीवर दिसले की मला बाबाच दिसायचे. एकाचं फेडायला दुसऱ्याचं घ्यायचं, आणि मदत मिळाली म्हणून नाव कर्जदाराचं.

जाऊ द्या, रागावून काय होते. त्या पाहुण्यांनी तरी सावकाराची वही कुठं पाहिली असणार. माणूस वाईट नव्हता, निघताना बाबांच्या पाया पडला.

पण एक सांगतो. यापेक्षा शहाणं काम याच मातीत होऊन गेलंय. मंदीच्या त्या काळात, १९३३ ला, मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा आला, आपल्या भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबराव देशमुखांच्या खटपटीनं. सावकार आणि कास्तकार समोरासमोर बसवायचे, झेपेल तेवढं देणं ठरवायचं, हप्ते पाडायचे. सावकारालाही त्यात बसावं लागायचं, हे महत्त्वाचं. २०१६ पासून कंपन्यांसाठी हेच तर चालू आहे, दिवाळखोरी कायद्यात. बँका टेबलावर बसतात, कमी घेतात, मोकळ्या होतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की शेठला सवय लागली. आम्हाला मात्र दर निवडणुकीला एक यादी, एक तारीख, एक अट. २०१५ ला परवानाधारक सावकारांचं कर्ज माफ करायची योजना निघाली होती, खोटं कशाला बोलू. पण बाबांच्या सावकाराकडं परवाना कुठला? त्याच्याकडं फक्त वही होती.

कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे लवाद बोर्डाचे कागद असतील तर फोटो टाका कमेंटमध्ये. मोडीत असले तरी चालतील, वाचणारा माणूस आहे माझ्या ओळखीचा. किती कर्ज होतं, किती ठरवलं, किती वर्षांत फिटलं, एवढं मला पाहायचंय.