पंचनाम्यात तिचा रोजही धरा

९ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. उष्णतेच्या लाटांचा धोका म्हाताऱ्या बायकांना जास्त असतो आणि सरकार हवामानबदलाबाबत कमी पडतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. मी झुरिकला राहते. इथल्या संसदेने त्या निकालाविरुद्ध ठराव केला, पुष्कळ वाद झाले. तरी बाईला लागणारं ऊन हा कोर्टात मांडायचा विषय आहे, हे सगळ्या देशाने ऐकलं.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. तिथे हवामानाची चर्चा होते ती पिकाची. अवकाळी पाऊस आला की पंचनामा होतो, हेक्टरी मदत जाहीर होते आणि ती सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जाते. शेतकऱ्याला ती मिळायलाच हवी, बहुतेकदा ती पुरतही नाही. पण सरकी टोबणं, निंदण, वेचणी ही कापसाची कामं प्रामुख्याने बायकाच करतात, आणि त्यातल्या कित्येकींच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. वेचणीची मजुरी किलोवर असते. ऐन वेचणीत पाऊस झाला की बोंडं सडतात, कापसाची कवडी होते, दिवसभर वाकूनही वजन भरत नाही. माझी एक मावशी मजुरीला जाते. ती फोनवर म्हणाली, "पाणी आलं तं त्याइचं पीक जाते, आमचा रोज जाते. त्याइचं लिहून नेतात, आमचं कोन लिहिते?"

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा बायका पुढच्या हंगामासाठी शेतातली धसकटं वेचत असतात. घरी परतल्यावर पाणी भरायचं, चूल पेटवायची. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. ती यादी चंद्रपूर-अकोल्याकडे बघून केली असती तर असं झालं नसतं.

गावाकडे हे बोललं की उत्तर मिळतं, हवामानाचं नंतर बघू, आधी कापसाला भाव द्या. भाव हवाच. पण वाढलेला भाव विकणाऱ्याच्या हातात पडतो आणि वेचणारीपर्यंत तो पोचेलच असं नाही. दुसरं उत्तर 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये. ते पैसे घराला उपयोगी पडतात, हे मी नाकारत नाही. मात्र बुडालेल्या कामाची भरपाई ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तिचा हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

इकडच्या परिषदांमध्ये 'विकसनशील देशांतल्या स्त्रिया' म्हणून जे बोललं जातं, तेही मला पटत नाही. तिथे ती नुसती सोसणारी असते. वास्तविक उपाय आपल्याकडच्याच बायकांनी करून दाखवलाय. इला भट यांनी १९७२ साली अहमदाबादेत उभ्या केलेल्या 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या सभासदांसाठी उष्णतेचा विमा निघाला. २०२४मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या ५० हजार महिलांना त्यातून सुमारे ४०० रुपये मिळाले. तापमान ठरलेल्या आकड्यावर गेलं की पैसे थेट बाईच्या खात्यात. सातबारा नको, पंचनामा नको. रक्कम फार लहान आहे, पण नुकसान बाईचं म्हणून मोजलं गेलं. त्याचा पुनर्विमा, म्हणजे विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेला विमा, झुरिकच्या एका कंपनीकडे होता. म्हणजे इथल्या हिशेबनिसांना तिचं ऊन मोजता येतं.

मग सरकारला का येऊ नये? 'महावेध' प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. पावसाचे आणि तापमानाचे आकडे रोज जमा होतात आणि पीकविम्यासाठी वापरलेही जातात. त्याच आकड्यांवर शेतमजूर बायकांच्या बुडालेल्या रोजाची भरपाई ठरवता येईल. त्यासाठी आधी गावोगाव शेतमजूर महिलांची नोंद हवी, आणि ती ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी कापसावर गदारोळ होतो. विदर्भाच्या आमदारांनी यंदा ही मागणी तिथे मांडावी, वेचणी सुरू असतानाच.