‘एसीत बसून’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, निरभ्र आभाळातून जमिनीवर किती ऊन येतं ते काढायच्या हॉरविट्झच्या सूत्रावर मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया कालपासून चारदा वाचली. ‘एसीत बसून सूत्रं मांडणाऱ्याला मराठवाड्याचं ऊन काय कळणार? मॅसॅच्युसेट्सच्या हवेवर बेतलेलं हॉरविट्झचं 1945 चं सूत्र लातूरला लावलंय, मे मधली धूळ कुठाय त्यात, बाष्प कुठाय?’ एक चूक आधीच मान्य करतो, एका ओळीत वॅटच्या जागी वॅट-तास पडलं होतं, सकाळीच दुरुस्त केलं, आभार.

पण एसी? आमच्या घरात अजून कूलरच आहे, तोही लाईट असली तर. औसा तालुक्यात वावर आहे, 2020 ला सौरपंप बसवला, अन् मे महिन्यात भर दुपारी पाणी कमी यायला लागलं तर बसवणारा म्हणे ढग आले असतील. आभाळात चिंधीभर ढग नव्हता हो! निरभ्र आभाळातून नेमकं किती ऊन खाली यायला पाहिजे हे त्याला सांगता येईना, म्हणून मी हे शिकायला बसलो, रात्री दहानंतर, दिवसभराचं रानातलं काम उरकून.

अन् मोजलं पण. मे च्या मध्याला आमच्याकडं काठीची सावली बुडाशीच जाते, तीही बाराला नाही, साधारण 12:20 ला, कारण घड्याळ 82.5 रेखांशाचं अन् आपण त्याच्या बरंच पश्चिमेला. त्या वेळेला मी ऊन मोजायचा मीटर आडवा धरायचो अन् बाबा डोक्याला पंचा गुंडाळून वहीत आकडे लिहायचे, पान घामानं ओलं व्हायचं. सूत्र दर चौरस मीटरला 1035 वॅटच्या आसपास सांगायचं, मीटर साडेनऊशेला अडायचा. पॅनलवर बोट फिरवलं की मातकट रेघ उमटायची. ती वही अजून आहे माझ्याकडं. अशा माणसाला तुम्ही ‘ऊन काय कळणार’ म्हणता? माझ्या बापाच्या पाठीची सालं निघालीत त्या उन्हात.

बाकी धुळीचं म्हणाल तर हॉरविट्झच्या सूत्राला फक्त सूर्याची आभाळातली उंची लागते हे पोस्टमध्येच लिहिलंय, नीट वाचलं असतं तर दिसलं असतं. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला 1361 वॅट असतात, खाली येताना हवा, बाष्प, धूळ आपापला वाटा काढून घेतात. धुळीनं थेट ऊन घटतं पण त्यातलं बरंच विखरून आभाळाकडून खाली येतंच, म्हणून आडव्या जागेवरची एकूण घट तेवढी मोठी नसते. लिंके नावाच्या शास्त्रज्ञाचा हवेच्या गढूळपणाचा आकडा मलाही माहितीय, 1922 पासून आहे, स्वच्छ कोरड्या हवेचे किती थर एकावर एक ठेवले तर तेवढंच ऊन अडेल ते सांगतो. पण तो महिन्यागणिक बदलत बसायचा म्हणजे शेतकऱ्याला मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कसं जमणार? विषय संपला.

तुमच्याकडं धुळीच्या दिवसाच्या मोजलेल्या नोंदी असतील तर टाका इथं, मी माझ्या वहीशी लावून बघतो. फक्त ते ‘एसीत बसून’ तेवढं मागं घ्या.