सायकलच्या बिल्ल्याबद्दल

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की सायकलवाले कर भरत नाहीत, तुमच्या घराजवळच्या चौकात सर्रास उलट्या दिशेने येतात. नेदरलँड्ससारखी शिस्त हवी असेल तर आधी परवाना आणि नंबर द्या, मग ट्रॅक मागा. उलट्या दिशेने येणं चूकच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही.

पण पुण्यात सायकलवर कर होता, तो भरल्याचा बिल्लाही होता. घरातल्या जुन्या माणसांना विचारा; बिल्ला नाही, दिवा नाही, डबलसीट, यांसाठी पोलीस अडवायचे हे ते सांगतील. नेदरलँड्समध्येही १९२४ ते १९४१ सायकलकर होता. धातूची पट्टी सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागे. बेकारांना ती फुकट मिळायची, पण मधोमध भोक पाडलेली. गरिबी अशी छातीवर मिरवायला लावणारा कर मला तरी नको. आज तिथे सायकलला परवाना लागत नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईवडील रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या काळात सायकलमार्गांना जोर आला. शिस्त त्यामागून आली.

कराचं म्हणाल तर गाडीचा कर राज्याकडे जातो. गल्लीतला रस्ता महापालिका करते, त्यात घरपट्टीचा पैसा असतो, आणि ती सायकलवालाही भरतो. भाडेकरू असेल तर भाड्यातून.

आता तुमचा चौक. आपल्याकडे २०१७ चा सायकल आराखडा आहे, ८२४ किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. प्रत्यक्षात ट्रॅकवर उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच विजेची डीपी, पुढे लावलेल्या दुचाकी. त्यातून दुभाजकातला कट बंद केला की पलीकडे जायला लांबचा वळसा. रात्रपाळी करून घरी निघालेला वॉचमन चढावर तो वळसा घेत नाही, उलटा येतो. त्याच्या सायकलला नंबर लावला तरी तो उलटाच येईल; फक्त नोंदणीसाठी त्याचा एक दिवसाचा रोज बुडेल.

तो कट पादचारी आणि सायकलींपुरता उघडावा, तिथे सिग्नल द्यावा, असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देऊ. मसुदा मी करतो. पहिली सही तुमची असावी, कारण तो चौक रोज तुम्ही पाहता.