फुकटच्या कामातही नापास

सव्वीस तास राबून माझा बारा वर्षांचा कॉम्प्युटर काल फुकटच्या कामात नापास झाला. उत्तर म्हणे अग्राह्य!

त्यात एक जुनी रॅम टाकली होती, ती ताण सोसते का एवढंच बघायचं होतं. नुसतं तापवण्यापेक्षा विज्ञानाची थोडी सेवा घडावी म्हणून बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर लावलं; ते विज्ञान प्रकल्पांची कामं आणून कॉम्प्युटरला देतं. मला खरं तर परग्रहवासी शोधायचे होते, पण ते शोधणाऱ्या सेटी ॲट होम प्रकल्पाने 31 मार्च 2020 नंतर कामं वाटणंच थांबवलं. माझ्या वाट्याला आल्या मूळ संख्या.

पंख्याच्या घरघरीने वरच्या मजल्यावरचे काका खाली आले.

"मिक्सर चालू राहिलाय का रे?"

"नाही काका, मूळ संख्या शोधतोय."

"हरवली होती?"

मी समजावलं. जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ देतात, मोठ्या गणिताचे तुकडे वाटून घेतात.

"पैसे किती देतात?"

"काही नाही. गुण मिळतात."

"त्या गुणांचं काय करतात?"

"काही नाही."

"वीज कोणाची?"

"माझी."

काकांनी डब्याच्या मागच्या जाळीवर तळहात ठेवला, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. स्क्रीनवर प्रोसेसर 91 अंश दाखवत होता. "आणि तू स्वतःहून गेलास?" एवढं विचारून ते खुर्ची ओढून बसले. 63.2 टक्क्यांचे 63.3 झालेले डोळ्यांनी बघितले, मगच उठले.

बऱ्याच प्रकल्पांत एकच काम दोघांकडे देतात. उत्तरं जुळली तर ठीक, नाहीतर तिसऱ्याला विचारतात. तिसऱ्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. रॅमने कुठेतरी एक बिट फिरवला असणार, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य. व्हिडिओत तोच बिट एखादा चुकार ठिपका झाला असता, कुणी ढुंकून बघितलं नसतं. गणिताला तेवढी माणुसकी नाही. गुण त्या दोघांना, मला शून्य. त्या गुणांना कुणी विचारत नाही हे मीच काकांना सांगितलं होतं, तरी सकाळपासून सहा वेळा यादी उघडून बघितली. बिल मात्र शून्य येणार नाही.

"फुकट दिलेलंही परत केलं?" काकांनी विचारलं. हे त्यांनी हसत विचारलं असतं तर चाललं असतं.

ती रॅम काढली, नवं काम लावलं. काका जिन्यातून जाता-येता ओरडतात, "सापडली का रे?"