पास, कार्ड आणि गुरुवारची संध्याकाळ

आमच्या कट्ट्यावर वाद पेटायला फारसे मोठे कारण लागत नाही. परवा ते आमच्यातल्याच एका मित्राने पुरवले. तो आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी यांच्यासह पॅरिसला निघाला आहे. गुरुवारी संध्याकाळी पोहोचणार आणि पुढच्या मंगळवारी परतणार. चौघांसाठी पाच दिवसांचे पर्यटक पास एकदाचे घेऊन टाकावेत, म्हणजे तिकिटांची कटकट मिटेल, असे तो सहज बोलून गेला आणि त्या ‘घेऊन टाकावेत’वर आमचे हिशेबनीस तुटून पडले.

त्यांचे म्हणणे असे की, पास निवडताना किंमत नंतर पाहावी. आधी त्याचे घड्याळ पाहावे. काही पास पहिल्या वापरापासून तास मोजतात, काही तारखेप्रमाणे दिवस मोजतात, तर काहींचा आठवडा ठरलेल्या वारीच सुरू होतो. ‘पॅरिस व्हिजिट’ हा पर्यटक पास तारखेप्रमाणे चालतो, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी विमानतळावर तो वापरायला काढला की सकाळपासूनचा न वापरलेला अख्खा दिवस पाचांतून वजा होतो. याउलट तिथले रहिवासी वापरतात तो ‘नाविगो’ साप्ताहिक पास बाहेरच्या माणसालाही मिळतो, विमानतळावरून शहरात येणाऱ्या आरईआर गाडीलाही चालतो आणि पाच दिवसांच्या पर्यटक पासाच्या निम्म्याहून कमी पैशांत येतो. मात्र त्याचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, मग तुम्ही तो कोणत्याही वारी घ्या. म्हणजे सोमवार आणि मंगळवार उघडेच राहतात.

“मग उरलेल्या दोन दिवसांचे काय? आईला मेट्रोच्या यंत्रापुढे उभी करून मी सुटी तिकिटे काढत बसू?” असे मित्राने विचारताच मास्तरांनी त्याची बाजू घेतली. त्यांच्या मते हिशेबनिसांची बेरीज बरोबर असली तरी ती अपुरी आहे, कारण ज्याच्या खिशात पास आहे तो माणूस एका थांब्यासाठीसुद्धा बसमध्ये चढतो, चुकीच्या स्थानकावर उतरला तरी हसत परत चढतो आणि म्हाताऱ्या माणसाचे गुडघे दुखू लागले की ‘चालतच जाऊ, जवळच आहे’ असे म्हणण्याचा मोह त्याला होत नाही. हे प्रवास आधी कागदावर मांडता येत नाहीत आणि पासाचा खरा उपयोग नेमका त्यांच्यासाठीच असतो. मला हा मुद्दा पटला. हिशेबनिसांनाही पटला असावा, कारण ते काही क्षण गप्प राहिले, आणि ही गोष्ट आमच्या कट्ट्यावर क्वचितच घडते.

मी लंडनचा दाखला दिला. तिथे बँकेचे कार्ड दारावर टेकवून प्रवास करता येतो आणि दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढचे प्रवास फुकट. तो दिवसही पहाटे साडेचारला सुरू होतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतर परतणारा माणूस आदल्या दिवसातच मोजला जातो. असे शहर असेल तर पास निवडण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. फक्त प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे आणि दिवसभर तेच वापरायला हवे, कारण प्लास्टिकचे कार्ड आणि त्याच कार्डाची फोनमधली प्रत हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे प्रवासी असतात. अशाच पद्धतीच्या एका शहरात मी आत शिरताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवून दोन अर्धवट प्रवासांचे जबर भाडे भरलेले आहे, तेव्हा हे मी अनुभवाने सांगतो.

एवढ्यात आमच्यातल्या धाकट्याने नवा फाटा फोडला. वाहतूक आणि संग्रहालये दोन्ही एकत्र देणारी शहर-कार्डे असताना एवढा काथ्याकूट कशाला, असा त्याचा सवाल होता. त्यावर हिशेबनीस म्हणाले, “कार्डात काय आहे ते जाहिरात सांगते. काय नाही ते तुला शोधावे लागते.” ॲम्स्टरडॅमच्या शहर-कार्डात व्हॅन गॉग संग्रहालय नाही आणि ॲन फ्रँकचे घरही नाही, टोकियोचे पर्यटकांसाठीचे भुयारी रेल्वेचे तिकीट तेरा मार्गांवर चालते, पण शहराला वळसा घालणाऱ्या यामानोते मार्गावर चालत नाही. शिवाय ‘एवढी बचत’ म्हणून छापलेला आकडा, आपण एरवी ज्यांच्या दारातही गेलो नसतो अशी ठिकाणे धरून काढलेला असतो.

पॅरिसच्या संग्रहालय पासाचेही त्यांनी असेच साल काढले. तो असला तरी लूव्रसाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना लूव्र व ओर्से ही संग्रहालये आणि व्हर्सायचा राजवाडा या तिन्ही ठिकाणी प्रवेश मोफत असल्यामुळे मुलीसाठी तो घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला महत्त्वाची वाटते. संग्रहालय पास हातात आला की तो वसूल करण्याच्या नादात माणूस थकलेल्या आई-वडिलांना चौथ्या दालनातून पाचव्यात ओढत नेतो. वाहतुकीचा पास माणसाला मोकळे करतो आणि हा मात्र जुंपतो, असे त्यांचे मत पडले. ते मला थोडे एकांगी वाटले तरी मी वाद वाढवला नाही.

शेवटी वारांवरूनच गाडी रुळावर आली. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से आणि व्हर्साय सोमवारी बंद. तेव्हा लांबचे व्हर्साय शनिवारी उरकावे, शहरातली भटकंती शुक्रवार-रविवारी करावी, सोमवारी फक्त लूव्र आणि मंगळवारी सकाळी फक्त ओर्से ठेवावे. म्हणजे जास्तीचे सगळे प्रवास साप्ताहिक पासात बसतात आणि शेवटच्या दोन दिवसांना मोजकी सुटी तिकिटे व परतीचे विमानतळाचे तिकीट पुरते. संग्रहालय पास कोणालाच नको. साप्ताहिक पासाच्या ओळखपत्रावर प्रत्येकाचा छोटा फोटो लागतो, म्हणून चौघांचे फोटो इथूनच न्यायचे ठरले.

सगळे उठू लागले तेवढ्यात हिशेबनिसांनी विचारले, “विमान गुरुवारी किती वाजता उतरते?”

“रात्री पावणेनऊला. का?”

“चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच विकतात. शुक्रवार उजाडला की पुढच्या सोमवारपासूनचा मिळतो.”

मित्र पुन्हा कट्ट्यावर बसला आणि त्याने फोनमध्ये विमानाचे तिकीट उघडले.