गोळी कुटण्याआधी तिचे नाव पूर्ण वाचा

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेलो, तेव्हा एरवी वेलची कुटायच्या खलबत्त्यात गुलाबी पापुद्रे मिसळलेला पांढरा चुरा दिसला. तो काकांच्या रक्तदाबाच्या गोळीचा होता आणि शेजारी मधाची बाटली उघडी होती. यामागे नातेवाइकांच्या गटावर तीनदा फिरलेला एक संदेश आहे. त्याचे म्हणणे असे, की गोळीवरचे आवरण केवळ कडू चव झाकून जादा पैसे उकळण्यासाठी असते. म्हणून गोळी कुटून किंवा कॅप्सूल उघडून औषध मधात वा दुधात द्यावे, तान्ह्या बाळालाही मध चालतो, सिरप म्हणजे नुसती साखर आणि औषध जितके कडू तितके गुणकारी. औषधांच्या दुकानात तीस वर्षे काढलेल्या माणसाने हे वाचून गप्प बसणे कठीण आहे.

आधी त्यातला खरा अंश मान्य करून टाकतो. काही गोळ्यांवरचे आवरण खरोखरच मुख्यतः चवीसाठी असते. सेफ्युरोक्झाइम या प्रतिजैविकाची गोळी फोडली की तिचा कडवटपणा जिभेवरून लवकर जात नाही, आणि आयबुप्रोफेनच्या काही गोळ्यांवर तर चक्क साखरेचा थर असतो. मात्र ‘काही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक संदेश लिहिणाऱ्याने गिळून टाकला आहे.

काकांच्या गोळीच्या नावापुढे ‘रिटार्ड’ असे छापलेले आहे. एसआर, ईआर, एक्सएल, सीआर ही अक्षरेही त्याच कुळातली. अशा गोळीत बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकत्र भरलेले असते आणि ते थोडेथोडे सुटावे अशी तिची रचना असते. ती कुटली की ही रचना मोडते आणि दिवसभराचा साठा थोड्या वेळात रक्तात उतरतो. औषध निफेडिपिनसारखे असेल तर रक्तदाब झपकन खाली येतो, म्हातारा माणूस न्हाणीघराकडे जाताना भोवळ येऊन पडतो, आणि संध्याकाळपर्यंत औषध संपल्यामुळे रक्तदाब पुन्हा वर चढतो. घरचे मात्र ‘गोळी मानवली नाही’ असे म्हणून मोकळे होतात. गोळीवर मधोमध रेघ आहे, मग कुटायला काय हरकत, असे मावशीने विचारले. मेटोप्रोलॉल एक्सएलची गोळी अशा रेघेवर अर्धी करता येते, परंतु तिचा चुरा करता येत नाही. रेघ ही मोडण्याची परवानगी आहे, कुटण्याची नव्हे.

दुसरा प्रकार आम्लापासून बचाव करणाऱ्या आवरणाचा. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही पित्तावरची औषधे जठरातल्या आम्लात नासतात, म्हणून त्यांचे आवरण जठर ओलांडून आतड्यात गेल्यावरच विरघळते. ओमेप्रॅझोलची कॅप्सूल उघडून पाहिली तर आत साबुदाण्याहून बारीक दाणे दिसतात, आणि त्या प्रत्येक दाण्यावर हे आवरण असते. ज्यांना कॅप्सूल गिळवत नाही त्यांना डॉक्टर कधी कधी हे दाणे न चावता, सफरचंदाच्या आंबटसर गरातून घ्यायला सांगतात. म्हणजे उघडणे एक वेळ चालेल, पण दाणे खलणे म्हणजे औषध फुकट घालवणे होय. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही संस्था कुटू नयेत अशा तोंडी औषधांची यादीच प्रसिद्ध करते. आवरण केवळ चवीपुरते असते, तर तिला हा खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

मधाविषयी मी एकच सांगेन: एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. ‘आमच्या वेळी सगळ्यांना चाटवत होते’ हा यावरचा पुरावा नव्हे. संदेशात आयुर्वेदातल्या अनुपानाचाही, म्हणजे औषधासोबत घ्यायच्या पदार्थाचाही, आधार घेतला आहे. पण वैद्य अनुपान सांगतात ते औषध आणि रोगी पाहून, सरसकट नव्हे.

दुधातले कॅल्शियम डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकांना बांधून ठेवते आणि लोहाच्या गोळ्यांचे शोषणही दुधाने घटते, एवढे त्या मुद्द्याला पुरे. सिरपमध्ये साखर असते आणि महिनोन्महिने घेतल्यास ती दातांना बाधते, हे खरे. त्यासाठी साखरविरहित सिरप मागता येते. कडूपणाचा आणि गुणाचा संबंध तर लावूच नये. जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे पंचवीस प्रकारचे संवेदक (रिसेप्टर) आहेत, पण रोग बरा होणार की नाही हे त्यांतल्या एकालाही कळत नाही.

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही म्हण मात्र औषधाला निम्मीच लागू पडते. मुलाला औषध देण्याआधी बर्फाचा तुकडा चोखायला दिला तर जीभ थोडी बधिर होते. पातळ औषध पिचकारीने जिभेवर न सोडता गालाच्या आतल्या बाजूला सोडावे. काही मिसळायचेच असेल तर औषधविक्रेत्याला विचारून चमचाभर जॅममध्ये मिसळावे, पेलाभर दुधात नव्हे. मूल अर्धा पेला ठेवून उठले तर किती औषध पोटात गेले, ते कोण सांगणार?

काकांना गोळी का गिळवत नाही, हे मात्र त्या संदेशाच्या नादात कोणी विचारलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या पक्षाघातापासून त्यांना पाणी पितानाही ठसका लागतो. सोमवारी डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून दिली, आणि मावशीने खलबत्ता घासून पुन्हा वेलचीला लावला.